मुंबई विद्यापीठाचे पदवीधर : पदवी एकात, आयुष्य भलत्यातच

शाईदौत

१८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या पहिल्याच परीक्षेत चार जण पास झाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, भांडारकर संस्कृतचे जगन्मान्य पंडित, वागळे वकील आणि मोडक एल्फिन्स्टन हायस्कूलचे मुख्याध्यापक. परीक्षा एकच, वर्ष एकच, आणि चौघांच्या चार वाटा.

त्यातही रानड्यांची वाट सरळ नव्हतीच. १८६४ ला एम.ए., १८६६ ला एल.एल.बी. मग काही काळ सरकारी शिक्षण खात्यात मराठी भाषांतराचं काम, अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूरला न्यायाधीश, पुन्हा मुंबईला येऊन एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी आणि इतिहास शिकवणं, आणि १८७१ ला पुण्यात न्यायखात्यात. हे सगळं वयाच्या तिशीच्या आत. पुढे अर्थशास्त्रावर निबंध लिहिले, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिलं, वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज एखाद्याने इतक्या नोकऱ्या बदलल्या तर घरचे काय म्हणतील, ते सांगायला नको.

धागा काढायचं कारण घरातलंच आहे. माझ्या भाचीने भौतिकशास्त्रात पदवी घेतली आणि आता तिला समाजशास्त्रात एम.ए. करायचंय. ‘म्हणजे तीन वर्षं फुकट गेली’ हे वाक्य घरात रोज ऐकू येतं. मला ते मनापासून पटत नाही. म्हणून ज्यांनी पदवी एका विषयात घेतली आणि काम भलत्याच क्षेत्रात उभं केलं, अशा मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची माहिती इथे जमवू या.

एक खुलासा. १९४९ पर्यंत पुणे, गुजरात, कर्नाटक इथली कॉलेजंही मुंबई विद्यापीठाशीच जोडलेली होती. डेक्कन, फर्ग्युसन, विलिंग्डन, राजाराम, सगळी. सिंधही १९४७ पर्यंत यातच होता. त्यामुळे जुन्या काळातला पुण्याचा किंवा कोल्हापूरचा पदवीधर आला तरी तो धाग्याच्या कक्षेत आहे.

चौथी_घंटा

छान धागा. वाचनखूण साठवली आहे. सवडीने लिहिते.

पाणवठा

पाटबंधाऱ्यांशी आयुष्यभर संबंध आला असल्याने विश्वेश्वरय्यांचं नाव मीच घेतो. ते कर्नाटकचे, म्हणून आपल्याकडे त्यांची आठवण अभियंता दिनाला फोटोला हार घालण्यापुरतीच राहते. पण त्यांची अभियांत्रिकीची पदवी मुंबई विद्यापीठाची. बंगळूरला बी.ए. करून ते म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८३ ला एल.सी.ई.च्या परीक्षेत पहिले आले. नोकरीही मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, सुरुवात नाशिकला. मग खानदेशात. पांझरेच्या पात्राखालून पाण्याचा पाइप-सायफन नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा ते अगदीच तरुण होते.

खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे जरा सविस्तर सांगतो. पुण्याची आणि कालव्याची पाण्याची गरज वाढत होती. धरणाची भिंत आणखी उंच करायची, तर जुन्या बांधकामावर ताण येणार. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता जादा पाणी जाण्याच्या सांडव्यावर दरवाजे बसवले. दरवाजे मिटलेले असताना तलावात पूर्वीपेक्षा जास्त पाणी मावतं. पूर आला, पातळी ठरलेल्या रेषेच्या वर गेली, की दरवाजे आपोआप उघडतात आणि जादा पाणी निघून जातं. पातळी उतरली की आपोआप मिटतात. रात्री-अपरात्री, धो धो पावसात, कुणी चाकं फिरवायला धावत जायची गरज नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची ही गोष्ट. पुढे कृष्णराजसागरलाही याच धर्तीचे दरवाजे बसले.

दुसरं काम नीरा कालव्यावरची ब्लॉक पद्धत. उसाला हवं तितकं पाणी आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, यावर त्यांनी लाभक्षेत्राचे गट पाडून आळीपाळीची पिकं आणि ठरलेलं पाणी असा तोडगा काढला. अवांतर होईल, पण पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून शेतकरी स्वतः चालवत होते. पाणी वाटून घ्यायचं शहाणपण त्या मातीत होतंच.

मग १९१२ ला ते म्हैसूरचे दिवाण झाले. इंजिनियर माणूस राज्यकारभार करायला बसला, आणि बँक, विद्यापीठ, कारखाने सगळ्याला हात घातला. भाचीच्या घरच्यांना हे जरूर सांगा.

गणिती

माझ्या विषयातली एक साखळी सांगतो. फर्ग्युसन कॉलेजातल्या गणिताच्या अध्यापकांची.

बाळ गंगाधर टिळक. डेक्कन कॉलेज, बी.ए.ला गणितात पहिला वर्ग, मग १८७९ ला एल.एल.बी. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. १८९० ला ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि गणिताला माणूस हवा झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी एल्फिन्स्टनमधल्या आपल्या वर्गमित्राला बोलावून घेतलं. तो वर्गमित्र म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८९१ पासून १९१४ पर्यंत कर्वे तिथे गणित शिकवत राहिले. अनाथ बालिकाश्रम, हिंगण्याची शाळा, १९१६ चं महिला विद्यापीठ, यातलं बहुतेक काम गणिताचे तास सांभाळून उभं राहिलं. आजही पुष्कळांना अण्णासाहेब कर्वे गणिताचे प्राध्यापक होते हे माहीत नसतं.

गोखलेही गणित शिकवत. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून बरंच चाललं. तोच माणूस १९०२ ला केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण करायला उभा राहिला आणि सरकार ज्याला शिल्लक म्हणतंय ती खरी शिल्लक कशी नाही, हे सरकारच्याच आकड्यांतून मांडून दाखवलं. ती मांडणी वाचताना मला गणिताचा शिक्षक फळ्यासमोर उभा दिसतो. आधी गृहीत काय धरलंय ते तपासा, मग उत्तराकडे या.

साखळीतला शेवटचा दुवा अण्णांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे. तेही गणितज्ञच. मुंबईत विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी चालवलं, खटले अंगावर घेतले. त्यातल्या एका खटल्यात त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर.

टिळकांचं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून इतकंच म्हणतो की ताऱ्यांच्या स्थितीवरून वेदांचा काळ ठरवणारं ‘ओरायन’ लिहायला ज्योतिर्गणित यावं लागतं. विषय कुठे जात नाही, तो आपलं रूप बदलून कामाला येतो.

पाणवठा

@गणिती, सुंदर. यात माझी एक भर. कर्व्यांची पदवी १८८४ ची, विश्वेश्वरय्यांची १८८३ ची. दोघांनी शंभरी ओलांडली, दोघांना भारतरत्न मिळालं, आणि दोघे १९६२ सालीच गेले.

रानमेवा

बायकांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. डेक्कन कॉलेजात ती मुलांच्या वर्गात एकटी मुलगी. शेवटच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवला. त्या निकालावर इंग्लंडला जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. नाकारली गेली, कारण ती मुलांसाठी होती. मग काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवलं. तिकडे इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ ला ती ऑक्सफर्डला पोचली. १८९२ ला तिने तिथली बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली. ती देणारी पहिली बाई. पदवी हातात पडायला मात्र १९२२ उजाडलं, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं.

परत आल्यावर तिने मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी.ही केली. तरी कोर्टात उभं राहता येईना. मग तिने स्वतःचं काम स्वतःच शोधलं. पडद्यातल्या विधवा आणि त्यांच्या नावावरच्या इस्टेटी, ज्यांच्यापर्यंत पुरुष वकील पोचूच शकत नव्हता, त्यांची सल्लागार म्हणून सरकारने तिला नेमावं असा आग्रह धरला, आणि १९०४ ला कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अशा इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, तिची नेमणूक झाली. बायकांना वकिली करू देणारा कायदा १९२३ चा. तोवर ती पन्नाशी ओलांडून गेली होती.

तिची राजकीय मतं मला पटत नाहीत. इंग्रजी राज्याची ती कट्टर बाजू घेई आणि गांधींच्या चळवळीला तिचा विरोध होता. पण त्यासाठी तिचं नाव यादीतून गळावं हे मला मान्य नाही. वर इतकी पुरुष मंडळी आली, त्यांना एक पदवी घेतली की चार वाटा मोकळ्या होत्या. तिला तीन पदव्यांनंतरही एकच वाट होती, आणि तीही तिलाच पाडावी लागली.

चौथी_घंटा

रानमेवाताई, शेवटच्या दोन वाक्यांना शंभर वेळा सहमत.

तळटीप

धागा आवडला, माहितीही उत्तम येते आहे, पण एक गोष्ट खटकते ती बोलून दाखवतो.

‘मुंबई विद्यापीठाचे पदवीधर’ म्हणताना श्रेय नेमकं कुणाला देतोय आपण? १८५७ ला विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवायचं काम कॉलेजांचं. पहिली साठ वर्षं विद्यापीठाचे स्वतःचे शिकवणारे विभाग नव्हतेच म्हटलं तरी चालेल. समाजशास्त्राचा विभाग १९१९ ला सुरू झाला, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. म्हणजे रानडे, टिळक, गोखले, कर्वे यांना विद्यापीठाने शिकवलं नाही, फक्त तपासलं.

आणि रानड्यांचं तर विद्यापीठाशी भांडणच होतं. मराठी अभ्यासक्रमातून बाहेर पडली होती. ती परत आणायला त्यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षं खटपट केली, आणि आयुष्याच्या अगदी शेवटी एम.ए.ला मराठीचा समावेश करून घेण्यात त्यांना यश आलं. जानेवारी १९०१ मध्ये ते गेले. हा विद्यापीठाचा मोठेपणा म्हणायचा की एका पदवीधराचा?

दुसरं. यादीत येतात ते चमकलेले. विषय बदलून मागे पडलेल्यांची यादी कुणी करत नाही. भाचीला प्रोत्साहन जरूर द्या, पण विश्वेश्वरय्या दिवाण झाले म्हणून आपलंही होईल, असं नका सांगू.

शाईदौत

तळटीप, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्यावर विचार करतोय. पण ‘फक्त तपासलं’ हे मला अपुरं वाटतं. एकाच परीक्षेमुळे पुण्याचा, धारवाडचा, कराचीचा आणि अहमदाबादचा मुलगा एका मापात आला. १८८७ साली राजकोटच्या शाळेतून मोहनदास गांधी मॅट्रिक झाले ते याच विद्यापीठाचे. मापाचंही मोल असतंच. आणि सिनेटमध्ये भांडायला रानडे होते, कारण पदवीधरांना तिथे जागा होती. १८९२ ला तेलंग कुलगुरू झाले, पहिले भारतीय. त्यांच्यानंतर लगेच भांडारकर. दोघेही याच परीक्षांतून वर आलेले.

गणिती

काशिनाथ त्र्यंबक तेलंग नुसते कुलगुरू नव्हेत. हायकोर्टाचे न्यायमूर्ती, आणि ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेत त्यांनी केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद १८८२ चा. वकिली चालू असताना केलेला. त्रेचाळिसाव्या वर्षी गेले हो.

वकिली करता करता ग्रंथ लिहिणारे दुसरे म्हणजे पां. वा. काणे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड, पहिला १९३० चा, शेवटचा १९६२ चा. १९६३ ला भारतरत्न.

बटवा

मॅट्रिकवाले चालत असतील तर चिंतामणराव देशमुख घ्याच. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना. केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्रात बक्षीस, मग आय.सी.एस., १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ ला राजीनामा. आणि मेघदूताचा मराठी अनुवाद. एका माणसात पाच माणसं.

उलट बाजूला विनोबा. १९१६ ला इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले, सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले.

मधली_सुट्टी

तळटीप यांच्या मुद्द्याला माटुंग्याचं उत्तर देते. मी तिथली विद्यार्थिनी, त्यामुळे अभिमानाने लिहीत आहे.

१९३३ ला सुरू झालेला केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग, सगळ्यांच्या तोंडी यू.डी.सी.टी., आताचं आय.सी.टी., हा विद्यापीठाचा स्वतःचा विभाग होता. इथे विद्यापीठाने तपासलंच नाही, शिकवलंही. एकाच इमारतीत रंग, तेलं, अन्न, औषधं, कापड अशा वेगवेगळ्या शाखा. मधल्या सुट्टीत जिन्यावर उभं राहिलं की औषधवाल्याची अडचण रंगवाला सोडवायचा. कारण रेणू तोच, वापर वेगळा. आम्ही अर्धं शिक्षण त्या जिन्यावर घेतलं.

इथून कोण कोण कुठे गेलं पाहा. मनमोहन शर्मा इथेच शिकले, केंब्रिजहून पीएच.डी. करून इथेच शिकवायला परतले, आणि १९९० ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले. केकी घरडांनी कीटकनाशकांचा कारखाना उभा केला. अंजी रेड्डी आंध्रहून इथे शिकायला आले आणि पुढे हैदराबादला त्यांनी औषधांची कंपनी काढली. मुकेश अंबानीही इथलेच केमिकल इंजिनियर. रघुनाथ माशेलकर १९६६ चे पदवीधर, १९६९ ला इथूनच पीएच.डी. हळदीच्या अमेरिकेतल्या पेटंटला आव्हान देऊन १९९७ ला ते रद्द करवून घेतलं गेलं, तेव्हा सी.एस.आय.आर.चे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक माशेलकर होते. केमिकल इंजिनियर माणसाला त्यासाठी जुने ग्रंथ, पेटंटचा कायदा आणि आजीबाईचा बटवा, तिन्हींत शिरावं लागलं.

चौथी_घंटा

आता माझी पाळी. भागवत भगिनी.

धाकटी कमला. १९३३ ला मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये) शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे आपणही तिथेच जायचं हे घरात गृहीतच होतं. सर सी. व्ही. रामन संचालक होते. त्यांनी प्रवेश नाकारला, कारण मुलगी. कमलाबाई तिथे जाऊन ठाम उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. आधी काही काळ काम पाहू, त्याशिवाय नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, आणि बाकीच्या संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून १९३६ ला एम.एस्सी. मिळवली. त्यानंतर तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ ला केंब्रिजची पीएच.डी. परत आल्यावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यार्थी घेऊन नीरेवर, म्हणजे ताडामाडाच्या ताज्या रसावर, काम केलं. कुपोषित मुलांना स्वस्तात काय देता येईल हा प्रश्न समोर ठेवून. त्याबद्दल राष्ट्रपतींकडून गौरव झाला. याच कमलाबाई सोहोनी.

थोरली दुर्गा. हीही याच विद्यापीठाची. एम.ए.ला प्राचीन बौद्ध कायद्याचा विषय. पुढे समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली आदिवासींच्या अभ्यासाला लागल्या. जंगलात फिरताना सुरणाची विषबाधा झाली, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळल्या, आणि पीएच.डी. राहूनच गेली. त्या आजारपणातून उठल्यावरच्या दुर्गाबाई म्हणजे लोकसाहित्याच्या आणि ललित लेखनाच्या दुर्गाबाई. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या त्या.

शाईदौत, तुमच्या भाचीसाठी खास. ज्या समाजशास्त्र विभागात तिला जायचंय, तो ज्यांनी १९२४ पासून पस्तीस वर्षं घडवला ते गोविंद सदाशिव घुर्ये स्वतः संस्कृतचे एम.ए. होते. गाव मालवण, भांडारकरांचंच. त्यांच्याकडे आलेल्या इरावती कर्वे तत्त्वज्ञानाच्या बी.ए. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हेही घुर्यांचेच विद्यार्थी. तो विभाग मुळात बाहेरून आलेल्यांनीच उभा केला आहे.

शाईदौत

चौथी_घंटा, हा प्रतिसाद आज रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. मनापासून आभार.

बांधावरून

शेतकऱ्याच्या बाजूने एक नाव. शरद जोशी. सिडनहॅमचे एम.कॉम., १९५७. वर्षभर कोल्हापूरला प्राध्यापकी, मग भारतीय टपाल सेवा, तिथून स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत. पगार, मान, सगळं उत्तम. १९७७ ला ते सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. स्वतः कसली. खर्च किती आणि हातात किती, याचा हिशेब ठेवला. तो जमेना, तेव्हा दोष शेतकऱ्याच्या आळसाचा नसून भावाचा आहे हे त्यांनी आकड्यांत मांडलं. १९७९ ला शेतकरी संघटना, १९८० ला कांद्याचं आंदोलन.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने शेतात जाऊन काय करायचं असं कुणी विचारलं, तर हेच करायचं. आमच्या वडिलांनी आयुष्यभर जमाखर्च लिहिला नव्हता. चांदवडच्या मेळाव्याहून आले आणि वही केली. त्या वहीत पहिल्या पानावर बियाणं, खत, मजुरी, भाडं, हमाली, तोलाई अशी ओळीने नावं आहेत. घरच्या माणसांची मजुरी हा रकाना त्यांनी नंतर, वेगळ्या शाईने वाढवलाय.

बटवा

क्रिकेट विसरलात काय मंडळी? अजित वाडेकर, सुनील गावसकर. विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडकात खेळूनच ही मुलं पुढे आली. वाडेकर तर स्टेट बँकेत नोकरी सांभाळून कर्णधार.

आणि सरळ वाटेचं उदाहरणही असू द्या. अनिल काकोडकर, व्ही.जे.टी.आय.चे मेकॅनिकल इंजिनियर, १९६३. दुसऱ्या वर्षी भाभा अणुसंशोधन केंद्रात, आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. एकाच कामात खोल जाणं हेही धाडसच आहे.

तळटीप

काकोडकरांबद्दल सहमत.

वरचं सगळं पुन्हा वाचलं आणि एक धागा सापडला तो मांडतो. ज्यांना वाट बदलता आली, त्यांच्यामागे ऐन वेळी कुणीतरी पैशाने उभं राहिलं आहे. रानडे आणि भांडारकर दक्षिणा फेलो होते, म्हणजे कॉलेजात थोडं शिकवायचं, स्वतः शिकायचं आणि वर विद्यावेतन. ही दक्षिणा मुळात पेशव्यांच्या काळातली, इंग्रजांनी तिचा काही भाग इकडे वळवला. विश्वेश्वरय्यांना म्हैसूर संस्थानने पुण्याला पाठवलं. माशेलकरांना टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मॅट्रिकनंतर शिकता आलं, हे ते स्वतःच सांगतात. सोराबजींना सरकारने नाकारलं तरी खासगी मदत मिळाली. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत होण्याचं कारणच नाही.

शाईदौत, म्हणून भाचीच्या बाबतीत ‘विषय बदलू की नको’ हा प्रश्न दुय्यम आहे. दोन वर्षं तिला पैशाची चिंता न करता शिकता येईल का, एवढं घरच्यांनी पाहावं. ते जमत असेल तर बाकीचं ती बघून घेईल.

शाईदौत

हे मला इतकं स्पष्ट सुचलं नव्हतं. बहिणीशी बोलताना आता मुद्दा हाच ठेवतो. दोन वर्षांच्या फीचा आणि वसतिगृहाचा अर्धा भार मी उचलू शकतो, तसं आजच सांगतो.

ओवी

उशिरा आले, पण तळटीप यांच्या दोन्ही प्रतिसादांत बसणारं सगळ्यात मोठं नाव अजून एका खटल्याच्या निमित्ताने तेवढं येऊन गेलंय.

भीमराव रामजी आंबेडकर, एल्फिन्स्टन कॉलेज, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए., १९१२. कॉलेजची फी आणि खर्च भागला तो सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना २५ रुपयांवर. १९१३ ला कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. पदवी अर्थशास्त्राची, मग सिडनहॅममध्ये प्राध्यापक, मग बॅरिस्टर, सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि पुढचं साऱ्या देशाला माहीत आहे.

पण ‘विद्यापीठाने फक्त तपासलं’ ही तक्रार त्यांनी स्वतः लेखी नोंदवली आहे. १९२४ साली मुंबई विद्यापीठात सुधारणा सुचवण्यासाठी समिती नेमली होती. तिच्या प्रश्नावलीला त्यांनी सविस्तर उत्तरं दिली. विद्यापीठ नुसतं परीक्षा घेणारं नको, ते शिकवणारं हवं, अध्यापन आणि संशोधन यांची फारकत नको, कॉलेजं एकमेकांपासून तुटलेली राहू नयेत, असा त्यांचा सूर आहे. शिक्षण घेऊन बारा वर्षं झालेला पदवीधर आपल्याच विद्यापीठाला हे ठणकावून सांगतो आहे.

आणि सांगून थांबले नाहीत. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. तिथे वर्ग सकाळी भरत, कारण येणाऱ्या मुलांना दिवसा नोकरी करून घर चालवायचं असे. फी भरायला महाराज मिळाले नाहीत तरी शिकता यावं, याची ही व्यवस्था. सकाळी तास, अकराला कचेरी, आणि हाती येणारी पदवी मुंबई विद्यापीठाची.

सिद्धार्थच्या सुरुवातीच्या तुकड्यांत शिकलेलं कुणी घरात असेल, तर त्यांच्या आठवणी विचारून इथे लिहा. त्या पिढीतले फार थोडे उरलेत.